मातीच्या घरात नवं सैपाकघर: आर्वीकडच्या मिस्त्रींच्या कामाचा अनुभव

जुन्या मातीच्या घरातलं सैपाकघर पाडून नवं करायचा विचार असेल आणि तुम्ही आर्वी, पुलगाव, कारंजा घाडगे या पट्ट्यातले असाल, तर हे वाचाच. आमचं काम होळी झाल्यावर लागलं आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नव्या ओट्यावर पुरण शिजलं. लिहायला मात्र मी पावसाळा संपेपर्यंत थांबले. आमच्याकडे घराचं काम कसं झालं ते उन्हाळ्यात कळत नाही. आषाढाची झड लागली, भिंत आठ-आठ दिवस ओली राहिली, की मगच कळतं.

मिस्त्रीभाऊंचं नाव आणि नंबर टाकत नाही. त्यांनीच नको म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची कामं त्यांनी आधीच धरली आहेत. पण त्यांनी काय केलं आणि कशाला नाही म्हटलं, ते सविस्तर लिहिते. दुसऱ्या कोणाकडून काम करून घेणार असाल तरी ते उपयोगी पडेल.

घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पांढऱ्या मातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, छताला सागवानी बल्ल्या (लाकडी वासे), वर कवेलू, म्हणजे कौलं. सैपाकघर 14 बाय 11 फुटांचं, एकच लहान खिडकी. कोपऱ्यात चूल, तिच्यावरच्या बल्ल्या धुराने काळ्याभोर. एका भिंतीला कडप्प्याचा बुटका ओटा, त्यावर गॅस. मोरीकडची भिंत खालून इतकी ओली, की बोट लावलं तर माती सुटायची. घुशींनी त्याच कोपऱ्यात बिळं केली होती. फळ्यांना उधई (वाळवी) लागलेली. वानरं आली की कवेलू फुटायचे, आणि पाऊस आला की गंज (पातेलं), कोपर (परात), डेचकी जे भांडं हाताला लागेल ते खाली मांडून ठेवायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी घरच्यांचा डबा, मजुरांचा चहा, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, हे सगळं त्याच खोलीत चालायचं.

आधी आम्ही शहरातल्या एका मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरवर सुंदर चित्र काढून दाखवलं. ₹3,40,000 सांगितले, तेही फक्त कपाटं आणि ट्रॉल्यांचे. भिंत, जमीन, छत तुमचं तुम्ही करून ठेवायचं. भिंत मातीची आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "वरून सिमेंटचा प्लास्टर मारून घ्या, काही होत नाही." घर पाहायला कोणी आलं नाही. चार दिवसांनी फोन आला तो ॲडव्हान्ससाठी.

मिस्त्रीभाऊ आले ते टेप आणि एक लोखंडी गज घेऊन. गज भिंतीत ठिकठिकाणी खुपसून पाहिला. जमिनीवर घण आपटून आवाज ऐकला. माळ्यावर चढून बल्ल्यांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे पेचकसाने टोचून पाहिली, कारण बल्ली कुजते ती तिथेच. मी त्यांना मोबाइलवर चारही भिंतींना छतापर्यंत टाइल्स लावलेला फोटो दाखवला. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, मातीच्या भितीले टाइल्स धरत नाई. मी लावून देतो, पैसे बी घेतो, पन दोन पावसाळ्यात भितीची साल घेऊन खाली येईन ते."

मग त्यांनी जे समजावलं ते मला पटलं. मातीची भिंत बाहेरून आणि खालून ओल घेते आणि दोन्ही बाजूंनी ती सोडते. आतून सिमेंट आणि टाइल्सने तोंड बंद केलं की ओल बाहेर पडायला जागा राहत नाही. ती सिमेंटच्या मागेच साचते, माती फुगते, भुसभुशीत होते आणि प्लास्टर पत्र्यासारखा सुटून येतो. कोंबडीजाळी ठोकून प्लास्टर केलेली घरं आमच्या गावातही आहेत. हाताने ठोकलं तर आतून पोकळ वाजतात.

म्हणून त्यांनी मोरीकडची एकच भिंत पूर्ण काढली. आधी बल्ल्यांना खालून टेकू दिले, मग माती उतरवली, घुशींची बिळं खणून साफ केली, आणि सिमेंट काँक्रीटच्या पायावर 9 इंची विटांची भिंत उभी केली. बल्ल्या जिथे टेकतात तिथे सळया टाकून काँक्रीटचा पट्टा घेतला. सिंक, ओटा, नळ, टाइल्स हे सगळं त्या एका भिंतीवर आणि तिला लागून कोपऱ्यात घेतलेल्या विटांच्या छोट्या आडभिंतीवर बसवलं. पाणी आणि तेल जिथे उडतं तिथेच टाइल्स. बाकीच्या तीन भिंती मातीच्याच ठेवल्या. सुटलेला भाग खरवडला, पांढरी माती, शेण आणि गव्हाचं कुटार (भुसा) भिजत घालून, पायाने तुडवून त्याचा गिलावा केला आणि वर चुना. हा गिलावा घरातल्या आणि शेजारच्या बायांनी केला. त्याची मजुरी मिस्त्रींनी बिलात धरली नाही, हे मी मुद्दाम सांगते.

याचा फायदा मे महिन्यात कळला. बाहेर 45 अंश असताना त्या तीन भिंती हाताला गार लागत होत्या. शेजारच्या नव्या स्लॅबच्या घरात दुपारी सैपाक करवत नव्हता.

जमिनीचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं, आणि ते आता कोणालाच दिसत नाही. जुन्या शहाबादी फरशीखाली काळ्या मातीचा भराव होता. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. आमची फरशी दर पावसाळ्यानंतर कुठेतरी उचललेली नाही तर दबलेली असायची. शोरूमवाला म्हणाला होता, जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवू. मिस्त्रींनी फरशी काढली, काळी माती दोन फुटांपर्यंत उकरून वावरात नेऊन टाकायला लावली आणि मुरूम भरला. एकदम नाही. अर्धा फूट मुरूम, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस, म्हणजे भराव ठोकून दाबायचं जड अवजार. पुन्हा अर्धा फूट. धुम्मस मारणारा पोरगा दमला की मिस्त्री स्वतः हातात घ्यायचे. त्यावर खडीचं काँक्रीट आणि मग कोटा दगडाची फरशी. चकचकीत व्हिट्रीफाइड टाइल मला हवी होती, पण सासूबाईंचा पाय घसरला तर काय, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो विषय तिथेच संपला. पूर्ण पावसाळा गेला, एकही कोटा हललेला नाही.

काँक्रीट करायच्या आधी भिंतींच्या कडेने उधईचं औषध टाकलं. 20 टक्क्यांचं क्लोरपायरीफॉस, 1 लिटरला 19 लिटर पाणी. फवारणीचं औषध आपल्या ओळखीचं असतं म्हणून आपण निष्काळजी होतो. यांनी हातमोजे घातले, तोंडाला बांधलं, त्या दिवशी सैपाकघरात कोणाला येऊ दिलं नाही आणि विहिरीच्या बाजूला औषध अजिबात टाकलं नाही.

छताबाबत आमच्या घरात दोन पक्ष होते. ह्यांना साधे टिनाचे पत्रे टाकायचे होते, स्वस्तात मस्त. सासूबाईंना कवेलू सोडवत नव्हते. पण वानरांपुढे कवेलू टिकत नाहीत, आणि कवेलू फेरणारे हातही आता गावात राहिले नाहीत. साध्या टिनाखाली एप्रिल-मेमध्ये उभं राहता येत नाही. शेवटी पफचे पत्रे टाकले, दोन पत्र्यांच्या मधे फोम असलेले. महाग पडतात, साध्या टिनाच्या दुपटीहून जास्त. पण पावसाचा आवाज कमी आणि ऊन खाली उतरत नाही. बल्ल्या मात्र जुन्याच ठेवल्या. घासून, धुराची काजळी काढून तेल लावल्यावर आतलं सागवान जे दिसलं, ते पाहायला अजून लोक येतात. एकच बल्ली कुजलेली निघाली, तिच्या जागी लोखंडी पाइप घेतला.

आता ओटा. मिस्त्रीभाऊंची पद्धत मी इथे शिकले. त्यांनी उंचीचा आकडा मनाने टाकला नाही. मला आणि सासूबाईंना विटांच्या थरावर फळी टाकून उभं केलं, हातात कोपर देऊन कणीक मळायला लावली. एक वीट काढली, पुन्हा मळायला लावली. शोरूमच्या चित्रात ओटा 34 इंचांचा होता. आमचा 32 वर ठरला, कारण मी बुटकी आणि सासूबाई माझ्याहून बुटक्या. खांदे वर न उचलता हात चालला पाहिजे, एवढंच त्यांचं माप.

मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमी भाजी कुठं बसून चिरता ते दाखवा मले." सासूबाई पावशी (विळी) घेऊन खिडकीखाली बसल्या. त्या जन्मभर खाली बसूनच चिरत आल्या, पाखडत आल्या. तर त्या खिडकीखाली ओटा केलाच नाही. भिंतीला टेकायला जागा सोडली, बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीचा कडप्प्याचा कट्टा केला, त्यावर हात देऊन उठता येतं. पाटा-वरवंट्याची जागा तिथेच. पंचाहत्तरीच्या बाईला नव्या घरात पाहुण्यासारखं वाटू नये, ही गोष्ट कोणत्याच चित्रात नव्हती.

ओट्याखाली प्लाय कुठेच नाही. उभे कडप्पे, आडवे कडप्पे, वर काळा ग्रॅनाइट, दारं ॲल्युमिनियमची. सिंकखाली प्लाय फुगतो आणि आमच्याकडे उधई वाट पाहतच असते. कडप्पा दोघांनाही पुरून उरतो. ग्रॅनाइटचा एक तोटा सांगते: आमच्या बोअरचं पाणी खारट आहे, काळ्या दगडावर पांढरे डाग लगेच दिसतात. रोज कोरडं फडकं फिरवावं लागतं. आता पुन्हा घ्यायचा असता तर करड्या ठिपक्यांचा घेतला असता.

चूल गेली नाही. ती मागच्या पडवीत नेली, उघड्यावर, डोक्यावर टिन, धूर सरळ बाहेर. मांडे करायचे तर रांजण उपडा घालायला जागा लागते. ते गॅसच्या ओट्यावर होत नाहीत. पानगे, भरताची वांगी, पाहुण्यांचा मोठा सैपाक, सगळं तिथे. त्याच पडवीत खाली बसून भांडी घासायची जागा केली. हे सिंकपेक्षा महत्त्वाचं ठरलं, कारण पंधरा माणसांच्या भाजीचा गंज कोणत्याच सिंकमध्ये मावत नाही.

हवेसाठी चिमणी घ्या असं सगळेच सांगत होते. मिस्त्रींसोबतचा लाइनवाला, म्हणजे वायरिंग करणारा, म्हणाला, "लाइन गेल्यावर चिमनी काय कामाची? खिडकी मोठी करा." तेच केलं. विटांच्या भिंतीत ओट्यासमोर मोठी खिडकी, तिच्या विरुद्ध बाजूला अगदी वर 12 इंची एक्झॉस्ट पंखा, आणि छताला लागून जाळी. पंखा बंद असला तरी फोडणीचा ठसका जाळीतून निघून जातो. लाल मिरच्या भाजल्या तेव्हा मी हे पाहून घेतलं.

वायरिंग सगळी नवी. जुन्यात अर्थिंग नव्हतंच, मिक्सरला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि आम्ही पायात चप्पल घालून चटणी वाटायचो. आता कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला, फ्रिज आणि मोठ्या प्लगला 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, दिव्यांना 1.5 ची, आणि बोर्डावर 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन लगेच तोडणारं बटण. सैपाकघरात ओले हात असतात. बाकी कुठे काटकसर केली तरी हे बसवाच.

तक्रारीही आहेत. पहिली वेळेची. लग्नसराईत हे लोक गायब होतात. आज येतो म्हणून दोन दिवस नाही, फोन उचलत नाहीत. गँगमधल्या कोणाच्या ना कोणाच्या घरी हळद असतेच. छत उघडं असताना अवकाळी पावसाचे ढग आले, तेव्हा आम्हीच ताडपत्री घेऊन धावलो. दुसरी तक्रार सिंकच्या मागच्या पट्टीच्या उताराची. पाणी भिंतीकडे थांबत होतं. सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता पट्टी काढून पुन्हा बसवली, पण ते आधीच दिसायला हवं होतं. तिसरी, गॅसच्या कप्प्याला त्यांनी घट्ट दार लावलं. सिलिंडर बदलायला आलेल्या माणसाने सांगितलं की गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो, म्हणून दाराला खाली जाळी हवी. ती नंतर कापून घेतली. नळीही त्यानेच पाहिली: सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि 5 वर्षांनी बदलायची. हे दोन्ही तुमच्या घरी आजच पाहून घ्या.

ट्रॉल्यांची गोष्ट वेगळी, तो दोष मिस्त्रींचा नाही. तालुक्याच्या एका दुकानातून 304 ग्रेडचं स्टील म्हणून घेतल्या, बिलावरही तसंच. मी लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही, समाधान झालं. मिस्त्रींचा फॅब्रिकेटर आला तो स्टील तपासायच्या औषधाची बाटली घेऊन. थेंब टाकला, थोड्या वेळात लाल झाला. म्हणजे 202 ग्रेडचं, हलकं स्टील. चुंबक 202 ला पण चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला काही अर्थ नाही. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आमच्या खाऱ्या पाण्यात ते लवकर गंजतं. दुकानदाराने आधी कानावर हात ठेवले, मग फॅब्रिकेटर स्वतः सोबत गेला तेव्हा बदलून दिलं. त्याचा त्यात एक रुपयाचा फायदा नव्हता. ट्रॉली घेताना दुकानातच थेंब टाकून पाहा, दुकानदार नाही म्हणाला तर घेऊ नका.

खर्च सगळा मिळून ₹2,90,000 च्या आसपास. यात भिंत, जमीन, पफचे पत्रे, ओटा, ट्रॉल्या, वायरिंग, पडवीतली चूल आणि घासायची जागा सगळं आलं. म्हणजे शोरूमच्या नुसत्या कपाटांपेक्षा कमी. सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते रेतीने. नदीवरचे रेतीघाट बंद असले की भाव कुठल्या कुठे जातो. जोडाईला आणि टाइल्सखाली रेतीच वापरली, बाकी काँक्रीटला गिट्टी क्रशरची चुरी चालवून घेतली. सामान आम्ही आणायचं आणि त्यांची मजुरी रोजाने, असा हिशोब होता. रोजाने काम रेंगाळतं असं लोक म्हणतात आणि थोडं रेंगाळलंही. पण ठेक्याने दिलं असतं तर धुम्मस पाच वेळा कोणी मारला नसता. पैसे दर बाजाराच्या दिवशी, झालेल्या कामाचे. ॲडव्हान्स त्यांनी फक्त विटांच्या गाडीपुरता मागितला.

कोणाला यांच्यासारखे मिस्त्री चालणार नाहीत तेही सांगते. तारखेवर काम हवं असेल, घरात लग्न काढलं असेल, तर यांच्या नादी लागू नका. चकचकीत लॅमिनेट, काचेची दारं, आतले दिवे हवे असतील तर ते यांचं काम नाही, त्यांना ते जमतही नाही. पण घर मातीचं असेल, ते पाडायचं नसेल आणि त्यात रोज दोन वेळचा सैपाक करायचा असेल, तर असा माणूस शोधा. घरी बोलवा आणि भिंतींना टाइल्स लावून द्या म्हणून सांगा. जो लगेच हो म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मिस्त्रीभाऊ न बोलावता आले. जुनी भिंत आणि नवी भिंत जिथे भेटते तिथे केसाएवढी भेग पडली होती. ती येणारच असं त्यांनी आधी सांगितलं होतं, माती आणि वीट एकसारखी हलत नाही म्हणून. दिवाळीच्या चुन्याआधी ती चुन्याच्या गाऱ्याने भरून दिली, पैसे घेतले नाहीत. मागच्या पडवीचं टिन अजून जुनंच आहे, त्यालाही वानरांनी दोन जागी वाकवलं आहे. कापूस विकला गेला की तेही यांनाच देणार आहोत. सासूबाईंनी त्यांच्याकडून शब्द घेऊन ठेवला आहे.